हिवतापाच्या नावाखाली

शेवटचं साधं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते शेंगा फोडायचं. कडेगावला दिलेल्या लेकीनं पोतंभर भुईमूग पाठवला होता. मला त्या दिवशी संध्याकाळची पाळी होती. लोणंद स्टेशनामागच्या आमच्या क्वार्टरच्या दारात मी आणि माझी बायको हौसा समोरासमोर बसलो होतो. मध्ये सूप. तिच्या गुडघ्यावर रेल्वेच्या नियमांचं पुस्तक उघडं, कारण आठ दिवसांवर माझी परीक्षा आली होती.

"सांगा, गाडी घ्यायच्या आदी सांधेवाल्यानं काय बघायचं?"

"सांधा चिकटून बसलाय का."

"आनी?"

"कुलूप लागलंय का."

"आनी?"

"आनी रुळावर कुनाची बायकू पुस्तक घिऊन बसली न्हाई ना."

तिनं मूठभर टरफलं माझ्या अंगावर फेकली. "करा चेष्टा. नापास झाला म्हंजी गँगीत जाशीला खडी भराया. ह्या वयात कंबरडं ऱ्हाईल का?"

"तू हाईस की शेकाया."

"शेकाया मी काय तुमची आई हाय?"

मग तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. म्हणाली, "वारं गार सुटलंय न्हवं?" आश्विनातलं ऊन होतं, वारं अजिबात नव्हतं. मी "व्हय" म्हणालो आणि पुढची शेंग घेतली. मान वर करून बघितलं नाही.

चौथ्या दिवशी ती गेली.

ही हकिगत मात्र माझ्या आजाराची आहे. मेली ती, पण आजारी मी होतो. मी मराठी दुसरी शिकलेला माणूस. लिहिताना चुकत असेल तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. पण मला झालं तसं कुणाला होत असेल तर त्याला हे वाचून दाखवावं, एवढ्यासाठी लिहितो.

कुलूप

सांधेवाला म्हणजे गाडी ह्या रुळावरून त्या रुळावर घालायला सांधा फिरवणारा माणूस. आजार होईतो बावीस वर्षं मी तेच केलं होतं. दुसरी जर्मनची लढाई सुरू झाली आणि गाड्यांची मोजदाद राहिली नाही. रोजच्या पॅसेंजर होत्याच, त्यात शिपायांच्या स्पेशल आल्या, सामानाच्या आल्या, आणि लोणंदचा कांदा तर कायम डब्यात भरलेला उभा असायचा. आमच्यातल्या तिघांपैकी एकाला दुसऱ्या स्टेशनावर पाठवलं. राहिलो मी आणि बाबूभाई मुलाणी. बारा तासांची पाळी सोळा तासांवर गेली. तक्रार कुणाकडे करायची? स्टेशनमास्तर स्वतःच टेबलावर डोकं टेकून झोपायचे.

एकदा पाळी संपवून सकाळी घरी आलो, भाकरी पुढ्यात घेतली, आणि मनात आलं की सांध्याला कुलूप लावलं का? उठून गेलो. लावलेलं होतं. परत आलो, घास मोडला, पुन्हा तेच. पुन्हा गेलो. बाबूभाईची पाळी सुरू झाली होती, तो सांध्यापाशी बिडी ओढत होता.

"काय रं ज्ञानू, माझ्यावर पाळत ठेवतोस का काय?"

"कुलूप बघाया आलतो."

"कुलूप हाय तितंच हाय. तुझ्या सासऱ्यानं न्हेलं न्हाई. जा, भाकरी खा."

पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो. महिन्याभरात मी रोज चार-पाच खेपा घालायला लागलो, तेव्हा बाबूभाई हसायचा बंद झाला.

मग जेवणाची चव गेली. भाकरी तोंडात कापसासारखी फिरायची. झोप लागायची, पण पहाटेच तुटायची, आणि जाग आल्याबरोबर छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. दुःख म्हणावं तर कशाचं ते सांगता यायचं नाही. लेक सुखात होती, घरात दाणा होता, मुकादम शिव्या देत नव्हता. अंघोळ करायची म्हणजे डोंगर चढायचा वाटे. गाडी आली की मी रुळापासून लांब उभा राहायचो. मला गाडीची भीती वाटत नव्हती. माझीच भीती वाटत होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

हौसा औंधच्या यमाईला नवस बोलली. बाबूभाईनं पिराचा गंडा आणून दंडाला बांधला. म्हणाला, "तुमची देवी आनी आमचा पीर, दोगांनी मिळून तुला धरलाय, आता कुटं जातोस?" दोघांनी केलं ते मायेनं केलं. गुण आला नाही.

परीक्षा

त्यातच वरून हुकूम आला. लढाईच्या गर्दीत कुठंतरी चुकीच्या रुळावर गाडी गेली असावी, आम्हाला काही सांगितलं नाही. पण सहा महिन्यांत सगळ्या सांधेवाल्यांनी नियमांची परीक्षा द्यायची. तोंडी विचारणार, आणि थोडं लिहूनही घेणार. नापास होईल त्याला सांध्यावरून काढून गँगीत, म्हणजे रुळाखाली खडी भरायला. क्वार्टरही सोडायचं.

मास्तरांनी पुस्तक दिलं. "ज्ञानोबा, तुम्हाला काम येतंच. फक्त शब्द पाठ करा."

शब्दच तर होत नव्हते. एक ओळ चार वेळा वाचायचो. चौथ्या वेळी पहिलीच वाटायची. ज्या गोष्टी हातानं बावीस वर्षं केल्या त्या कागदावर बघितल्या की ओळखू यायच्या नाहीत. एकदा पुस्तक चुलीत घालायला निघालो होतो.

हौसा औंधाकडची. तिकडच्या शाळेत चौथी झालेली. माझ्याहून दोन इयत्ता पुढं, आणि हे ती भांडणात विसरत नसे. तिनं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आलो तर तिनं जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा मारलेल्या. एक मेन लाइन, एक बाजूची. पाटा म्हणजे फलाट. लाटणं म्हणजे सांध्याची तरफ. तवा उपडा घालून इंजिन केलेलं.

"हं. पुन्याकडनं गाडी आली. फलाटावर मालगाडी हुबी हाय. काय करशीला?"

मी लाटणं फिरवलं.

"आसं न्हाई. बोलून करा. परीक्षेत लाटणं न्हाई देनार कोन."

असं रोज तासभर चालायचं. मी खोलीत रडवेला होऊन बसायचो, ती तवा सरकवत राहायची. मन मेलेलं असताना शिकायचं कसं, हे मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: डोळ्यांनी नाही जमलं तर हातानं शिका, आणि एका वेळी एकच सांधा.

खोटं

एका सकाळी मी अंथरुणातून उठलोच नाही. ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. उठावं असं पायांना वाटेना. पाळीची वेळ होत आली. हौसा दारात उभी राहून विचार करत होती.

रजा पाहिजे तर रेल्वेच्या दवाखान्याची चिठ्ठी पाहिजे. आणि डोक्याचं दुखणं चिठ्ठीवर आलं की सांधेवाला संपला. आमच्या बघण्यातला एक फाटकवाला तपासणीच्या साहेबापुढं रडला होता. आठ दिवसांत त्याला घरी पाठवलं. त्याची बायको पुढं कांद्याच्या वखारीत निवडायला जायची. हौसाला ती बाई ठाऊक होती.

ती मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. बाहेर पंधरा-वीस माणसं. डॉक्टरांनी मला विचारलं, "काय होतंय?" मी तोंड उघडायच्या आत ती बोलली.

"हिवताप हाय सायेब. एक दिसाआड थंडी वाजून येतो."

"घाम सुटतो?"

"लय. आंथरून भिजतंय."

"भूक?"

"न्हाई लागत." एवढं एकच खरं होतं.

लोणंदला त्या वर्षी हिवताप घरोघर होता. डॉक्टरांनी संशय घ्यावा असं काही नव्हतं. त्यांनी वहीत नाव घातलं, चार दिवस रजा लिहिली, कुनैनच्या गोळ्या दिल्या. पहिली गोळी कंपाउंडरनं समोर गिळायला लावली. घरी आल्यावर मी हौसाला म्हटलं, बाकीच्या ठेवून दे. ती म्हणाली, "सरकारनं दिल्यात तर कायतरी गुण यीलच. गिळा." तिला वाटलं औषध ते औषध.

रजा मिळाली हे इतकं सोपं झालं की महिन्याभरानं आम्ही पुन्हा तेच केलं. माझ्या दुखण्याला नाव मिळालं होतं, आणि त्या नावाची लाज नव्हती. बाबूभाई येऊन विचारायचा, "हिवताप कसा हाय?" मी म्हणायचो, "बरा हाय." कुणी विचारलेलं बरं वाटायचं. खोट्या दुखण्याबद्दल का होईना.

शिट्टी

कुनैननं कान वाजतात. ज्यांनी घेतलंय त्यांना माहीत आहे. रातकिडे कानात बसल्यासारखे. दुसऱ्या खेपेच्या गोळ्या चालू असताना रजा संपली आणि मी कामावर गेलो. कांद्याचे डबे बाजूच्या रुळावर लावायचे होते. मी पाठ करून उभा होतो. इंजिन मागं येत होतं, ड्रायव्हर शिट्टी मारत होता, मला फक्त रातकिडे. सांधा फिरवायचा राहिला. इंजिन चुकीच्या रुळावर शिरलं, आणि उभ्या डब्यांपासून दोन-तीन हातांवर ड्रायव्हरनं ते कसंबसं थांबवलं. डब्यांच्या मध्ये हमालांपैकी दोन माणसं विसावा घेत बसली होती.

मास्तर धावत आले. "कान फुटले का तुमचे?"

ती दोन माणसं उठून बाजूला गेली. एकानं पागोटं झटकलं. त्याला कळलंही नव्हतं.

घरी येऊन मी हौसाला म्हटलं, "मला गाडी ऐकू आली न्हाई." मग मी लहान पोरासारखा रडलो. ती एकदम ओरडली, "तुमी आसं रडत बसल्यावर मी काय करू? सांगा मला! मी बाय हाय का दगूड हाय?" शेजारच्या क्वार्टरपर्यंत आवाज गेला. मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि परसात जाऊन बसायची. तिचं काय चाललंय हे तिला कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सांगलीला जायाचं."

सांगली

जायला दहा दिवसांची रजा पाहिजे. म्हणून तिसऱ्यांदा हिवताप. या वेळी डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "ताप उलटतोय म्हणजे गोळ्या अर्धवट घेताय. ह्या पुऱ्या संपवा. कुनैन मिळेनासं झालंय, बाहेरून यायचं बंद झालं. जपून वापरा." पुडी जाड होती.

घरी आलो. हौसा बोचकं बांधत होती. मी पुडी उघडून सगळ्या गोळ्या मोरीत टाकल्या आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. तिनं बघितलं आणि बोचक्याची गाठ मारली. मला त्या वेळी लय सुटल्यासारखं वाटलं. महिनोन्महिने मी स्वतःच्या मनानं केलेलं ते पहिलं काम होतं.

मिरजेला गाडी बदलून सांगलीला गेलो. तिथं हौसाच्या मावसभावाच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी तिला बोलू दिलं नाही. "बाई, तुम्ही जरा थांबा. ह्यांना बोलू द्या." आणि मग नुसते बसून राहिले. मला कुणी इतका वेळ दिलेला मला आठवत नाही. मी कुलपाचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं.

"जगावंसं वाटतं का?" त्यांनी विचारलं. मुलं किती, असं विचारावं तसं.

मी म्हणालो, "न्हाई."

हौसानं माझ्याकडं बघितलं. तिला हे माहीत नव्हतं. एका घरात, एका खोलीत राहून माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "इंजिन न थांबवता पळवलं, पाणी भरलं नाही, तर काय होतं?"

"मधीच हुबं ऱ्हातं."

"त्याला कुणी वेडं म्हणतं का?"

"न्हाई."

"तुमचं तेच झालंय. ह्याला मेलँकोलिया म्हणतात. उदासीचा आजार. आजार आहे, बरा होतो. वेळ लागतो. पण लपवलात तर वाढतो."

नाव कळल्यावर माणसाला भीती वाटावी. मला उलट हलकं वाटलं. म्हणजे हे माझ्या आधी कुणाला तरी झालेलं होतं.

आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. पहाटे फिनेलचा वास, मग दूध, मग खारट औषध, मग झोप. दुपारी डॉक्टर म्हणायचे, उठा, झाडांना पाणी घाला. रोज चार झाडं, जास्त नाही. पलीकडच्या खाटेवर मिरजेचा एक तंबोरे करणारा म्हातारा होता, पाय मोडलेला. दिवसभर खाटेच्या दांडीवर नखानं टकटक करून आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "लोखंड हलकं लावलंय." मला आठ महिन्यांनी पहिलं हसू आलं ते त्याच्यामुळे.

हौसा मागच्या आवारात तीन दगडांवर भाकरी करायची. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली की नर्सबाई दुसरीकडे तोंड करून उभी राहायची, म्हणजे हौसाला आणखी थोडं बसता यावं. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

निघताना डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. रेल्वेला दाखवा म्हणाले, हलकं काम द्यायला सांगा. परतीच्या गाडीत हौसानं ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून चोळीत ठेवली.

"दावायची?" मी विचारलं.

"परीक्षा हू द्या. मग दावू."

मीच हो म्हणालो. तिच्यावर ढकलत नाही.

मीठ

बरं वाटायला लागलं ते हळूहळू. एके दिवशी जेवताना मी म्हणालो, "आमटीत मीठ कमी पडलंय." हौसानं हातातली पळी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला कळेना, एवढं काय बोललो. म्हणाली, "वर्स झालं. खारट हाय का अळनी हाय, कवा बोलला न्हाईसा."

कुलपाच्या खेपा पाचावरून दोनावर आल्या. नियम पाठ व्हायला लागले. परीक्षा झाली की चिठ्ठी दाखवायची असं ठरलं होतं. मग आश्विन आला, लेकीनं शेंगा पाठवल्या, आणि आम्ही त्या फोडायला बसलो. ते मी सुरुवातीला सांगितलंच.

तार

त्या दिवशी रात्री ती चूल विझवून लवकर पडली. सकाळी उठून भाकरी केली. दुपारी हुडहुडी भरली. दोन घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते. मी म्हटलं, दवाखान्यात चल. म्हणाली, "उतरंल. तुमची परीक्षा तोंडावर आली." तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला ओळखेना. मी पळत दवाखान्यात गेलो.

डॉक्टर लगेच आले. डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, पोट दाबून बघितलं. म्हणाले, "हिवताप. जोराचा. माझ्याकडे एक गोळी नाही, चार दिवस झाले. साताऱ्याला तार करतो, उद्या दुपारच्या पॅसेंजरनं येतील." मग माझ्याकडे वळले. "तुमच्या मागच्या शिल्लक असतील ना? तुम्हाला भरपूर दिल्या होत्या. काढा त्या."

मी म्हणालो, "संपवल्या."

ते तार करायला गेले. मी परसात गेलो. मोरीचं पाणी जिथं झिरपतं तिथला चिखल दोन्ही हातांनी उकरला. तिथं काय सापडणार होतं? तीन महिने झाले होते. पण मी कोपरापर्यंत उकरत राहिलो. बाबूभाई आला, त्यानं मला मागून धरून उठवलं. तो बिचारा पेठेतली सगळी दुकानं फिरून आला होता. कुठंच नव्हत्या.

तो दिवस आणि ती रात्र ओल्या फडक्यांनी गेली. ती आईला हाक मारत होती. मला नाही. चौथ्या दिवशी सकाळी, ऊन परसात आलं तेव्हा, ती गेली.

दुपारी पॅसेंजर आली. सांधा बाबूभाईनं फिरवला. गार्डानं गोळ्यांची पुडी मास्तरांच्या हातात दिली.

डॉक्टर मला म्हणाले, "मेंदूला चढला होता. गोळ्या हातात असत्या तरी सांगता येत नाही." ते खरं बोलणारे होते. पण त्यांना मोरीचं माहीत नव्हतं.

एवढंच सांगायचं होतं

परीक्षा मी त्या वर्षी दिली नाही, सांध्यावरून काढून हलक्या कामावर ठेवलं होतं. पुढच्या वर्षी दिली, पास झालो. आजार दोनदा उलटला, दोनदा सांगलीला जाऊन आलो. आता कामावरून उतरलो आहे. सकाळ अजून जड जाते.

ज्याला असं होतंय त्यानं आपल्या दुखण्याला दुसऱ्याच्या दुखण्याचं नाव देऊ नये. लाज वाटते, नोकरीची भीती वाटते, मला सगळं माहीत आहे. पण खोट्या नावाला खोटंच औषध मिळतं, आणि ते औषध दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचं असतं. आणि दुसरं. जे माणूस तुमची सेवा करतंय त्याच्याकडे दिवसातून एकदा मान वर करून बघावं. ते गारठलंय का, एवढं तरी बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

हौसाला जाऊन एक रात्र झाली होती, लेक अजून कडेगावहून पोचायची होती. घरात बाबूभाईची बायको आणि शेजारच्या दोघी बसल्या होत्या. कुणीतरी चहा पुढं केला, मी घेतला नाही. उठलो, अनवाणीच निघालो. शेजारीण म्हणाली, "आवं, सुतकात कुटं निगाला?" मी थांबलो नाही.

दवाखान्याबाहेर नेहमीसारखी माणसं होती. एक बाई मांडीवर पोर घेऊन, पोराचे दात वाजत होते. मला बघून सगळे सरकले, शिवायला नको म्हणून. त्यामुळे माझा नंबर लवकर लागला.

डॉक्टर उठून उभे राहिले. "ज्ञानोबा, तुम्ही कशाला आलात? काही लागलं तर निरोप पाठवायचा."

"सायेब, ती वही काडा."

"कसली?"

"हिवतापाची. माझं नाव तीन येळा हाय तिच्यात. त्ये खोटं हाय. मला हिवताप कवाच नव्हता."

कंपाउंडर बाटली भरायचा थांबला. डॉक्टर खाली बसले. "मग गोळ्या?"

"पैल्या दोन बारीला गिळल्या. तिसऱ्या बारीला मोरीत टाकल्या. सगळ्या."

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग तुम्हाला होतं काय?"

इथं उत्तर द्यायला दर वेळी ती असायची. मी तिच्या जागेकडे बघितलंसुद्धा.

"झोप न्हाई," मी म्हणालो. "चव न्हाई. काम केलं का न्हाई त्ये ध्यानात ऱ्हात न्हाई. जगावंसं वाटत न्हाई. सांगलीच्या डॉक्टरांनी मेलँकोलिया सांगितलाय, त्येंची चिठ्ठी हाय, आमी लपवून ठेवली."

"आज?"

"आज तर न्हाईच वाटत."

त्यांनी वही ओढली. दौतीत टाक बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "हे मी लिहिलं तर तुमचा सांधा जाईल, ज्ञानोबा. विचार करा. ह्या घटकेला नका सांगू."

"लिवा," मी म्हणालो. "आनी मला आज घरी एकट्याला पाटवू नगा."